पोपड्यांसकट घर

विकायला काढलेलं एक रिकामं घर. बैठकीच्या खोलीतल्या तीन भिंती जुन्या, मळकट पिवळ्या. चौथीवर खिडकीखाली हातभर रुंदीचा ताज्या रंगाचा चौकोन. छटा जवळपास तीच, पण जवळपासच. घर बघायला आलेल्या बाईंनी छताकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं नाही. त्या सरळ त्या चौकोनापाशी गेल्या आणि त्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. बाकीच्या घरात पोपडे होते, मोरीच्या दाराची चौकट खालून कुजली होती, स्वयंपाकघरातल्या तीन फरशांना तडे होते. त्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच, "इथे काय होतं?" घरमालक म्हणाले, "काही नाही, जरा रंग उडाला होता." बाईंनी मान डोलावली आणि पुढची प्रत्येक खोली आणखी चौकोन शोधत पाहिली.

दुरुस्ती न करता घर विकणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. पैसे नसतील, घरात वाद असेल, नाहीतर काहीतरी मोठं निघालं असेल. कधीकधी तसं असतंही. वारसाने आलेलं घर, तीन भावंडं तीन गावांना. गवंड्याच्या मागे महिनाभर उभं कोण राहणार? पण पुष्कळदा हा साधा हिशेबाचा निर्णय असतो, आणि चांगला असतो. घेणारा ओटा बदलणार, मोरी फोडणार, दोन खोल्यांमधली भिंत पाडायची स्वप्नं बघणार. तुम्ही हौसेने बसवलेल्या नव्या फरशा त्याच्या लेखी फोडायच्या कामात पडलेली भर असते. तुमच्या आवडीचा खर्च त्याने का भरून द्यावा? तेव्हा घर आहे तसं विकण्यात गैर काहीच नाही. त्या घरमालकांनी ते तसं विकायला काढलं नव्हतं, एवढीच अडचण होती. त्यांनी खर्च दुरुस्तीचा टाळला आणि रंग तेवढा लावला. खरी दुरुस्ती करून विकावं, किंवा दोष उघडे ठेवून विकावं. मधला रस्ता दोन्हींपेक्षा महाग पडतो, आणि बहुतेक लोक तोच धरतात.

कारण चौकोन टिकत नाही.

विटांच्या ओल्या भिंतीला सुकायला दर २५ मिलिमीटर जाडीमागे साधारण एक महिना धरावा, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे २३० मिलिमीटरच्या भिंतीला नऊ महिने, आणि तेही पाणी जिथून येतंय ते बंद झाल्यावर. विकायच्या घाईत एवढा धीर कोणाला असणार? रंगारी येतो, पोपडे खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वर प्लास्टिक रंग. दोन दिवसांत भिंत गुळगुळीत. (रंगाऱ्याला यात दोष देऊ नये, त्याला भिंत गुळगुळीत करायलाच बोलावलेलं असतं.) आत पाणी होतं तेवढंच आहे. ते पृष्ठभागाकडे येताना विटांतले आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून बरोबर आणतं. पूर्वी चुन्याचा साधा हात असायचा तेव्हा ओलावा त्यातून निघून तरी जायचा. आता तो रंगाच्या पापुद्र्यामागे अडतो. क्षारांचे खडे तिथेच धरतात, फुगतात आणि रंगाला मागून ढकलतात. पहिल्या भेटीला भिंत छान दिसते. मग बोलणी, कागदपत्रं, कर्जाची मंजुरी यांत काही आठवडे जातात. आणि अगदी शेवटच्या फेरीला, सही करण्याआधी सहज म्हणून घर बघायला आलेल्या माणसाला चौकोनाच्या मधोमध टपोरा फुगा दिसतो. पोपडा पहिल्या दिवशी दिसला असता तर तो ओलीचा असता. आता तो फसवणुकीचा झाला.

याहून मोठं नुकसान असं की चौकोनाखाली पुरावा पुसला जातो. पोपड्याचा आकार, त्याची उंची, तो कधी वाढतो आणि कधी थांबतो, यावरून जाणता माणूस पाणी कुठून येतंय ते बऱ्यापैकी सांगू शकतो. जमिनीपासून सुरू होऊन कमरेच्या आसपास, साधारण मीटरभर उंचीवर आडवी वेडीवाकडी रेघ मारून थांबलेली ओल, रेघेवर क्षारांची पांढरी, बुरशीसारखी पूड: पाणी जमिनीतून चढतंय. फक्त पावसाळ्यात उमटणारा, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका उतरणारा डाग: खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा बाहेरच्या गिलाव्याची भेग. बारा महिने तेवढाच ओला राहणारा, ऋतूशी देणंघेणं नसलेला डाग: पाण्याची दाबाखालची नळी गळतेय. अंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांनी गडद होणारा: मोरीच्या जाळीभोवतीचा सांधा, नाहीतर सांडपाण्याची नळी. आणि कपाटामागच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला धरून आलेली काळी बुरशी असेल तर बहुधा गळती नसतेच. खोलीतल्या हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमलेलं असतं, आणि कपाट वीतभर पुढे ओढून खिडकी उघडी ठेवली की निम्मं काम होतं. इतकी सगळी माहिती त्या मळक्या भिंतीवर फुकट लिहिलेली असते. रंग लावणारा ती पुसायचे पैसे देतो.

यातल्या शंका फेडायला यंत्रं लागत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी पट्टीने घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतलं. नळीची शंका असेल तर घरातले सगळे नळ बंद करून रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा बघावा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. सेकंदाला एक थेंब, आणि थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरलं, तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे साडेएकवीस लिटर. एवढं पाणी रोज पोटात घेऊन भिंत गप्प उभी असते. गच्ची किंवा मोरी गळते का हे बघायला निचऱ्याचं तोंड बोळ्याने बंद करावं, दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावं आणि दिवसभर ठेवून खालच्या छतावर नजर ठेवावी. मात्र छत आधीच कमकुवत असेल तर हा प्रयोग करू नये. एका चौरस मीटरवर तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे ३० किलो वजन, आणि गच्ची काही एका चौरस मीटरची नसते.

छताचा विषय निघालाच आहे तर काँक्रीटचंही बोलून घेऊ, कारण तिथे झाकापाक सर्वांत घातक असते. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू (pH) १२ ते १३. त्या वातावरणात लोखंडी सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो, सामू ९ च्या आसपास उतरतो, तो थर मोडतो आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग, मग तांबूस डाग, मग खालचा थर फुगतो आणि एके दिवशी परातीएवढा तुकडा खाली येतो. यावर लोक वरवर सिमेंटचा हात मारतात. गंज आत चालूच राहतो आणि नवा हात जुन्या गंजाला धरून पुन्हा सुटतो, बहुधा पहिल्यापेक्षा मोठा तुकडा घेऊन. विकणाऱ्याने इथे एकच काम करावं, पण ते नक्की करावं. हातोडीच्या दांड्याने छत ठोकून बघावं आणि जिथे पोकळ, भद्द आवाज येतो तो सुटा भाग आधार घेऊन, खाली कोणी नसताना पाडून टाकावा. सळई उघडी दिसू द्यावी. घर बघायला येणाऱ्याच्या डोक्यावर काही पडू नये हे माणुसकीचं झालं. शिवाय उघडी सळई बघून त्याचा इंजिनिअर पाच मिनिटांत सांगू शकतो की ती किती खाल्ली गेलीय. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन या रसायनाच्या द्रावणाचा फवारा मारला की निरोगी भाग गर्द गुलाबी होतो आणि कार्बनने खाल्लेला बेरंग राहतो. गुलाबी कुठून सुरू होतो आणि सळई कुठे आहे, एवढं मोजलं की दुखण्याचं निदान निम्मं झालं. सिमेंट फासलेल्या छताखाली उभा राहून तोच इंजिनिअर काय सांगणार? तो सर्वांत वाईट धरून चालणार, आणि ते बरोबरच आहे.

भेगांचंही तसंच. मिलिमीटरच्या आतली केसासारखी भेग बहुतेकदा गिलाव्याच्या आकसण्याची असते, रंगात भरून जाते. पाच मिलिमीटरच्या वर गेली, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरकी चढली, वर रुंद आणि खाली अरुंद झाली, की पायाचा विचार करावा लागतो. पण रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असतो, ती हलतेय की थांबलीय. याचं उत्तर फक्त वेळ देतो. म्हणून भेग भरू नये. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, मधल्या एका जागी रुंदी मोजून तीही लिहावी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. चिकण मातीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वर्षाचा फेरा मिळाला तर उत्तम. भिंतीवरच्या त्या चार तारखा घेणाऱ्याला जो दिलासा देतात तो पुट्टीची आख्खी गोणी देऊ शकत नाही.

हे सगळं कळत असूनही माणूस रंगाचा डबा का आणतो? मला वाटतं, लाज वाटते म्हणून. आपल्या घरात उभं राहून परका माणूस बोट दाखवून "हे काय?" असं विचारतो तेव्हा तो भिंतीबद्दल विचारत असतो आणि आपल्याला वाटतं, तो आपल्या संसाराबद्दल विचारतोय. इतकी वर्षं काय करत होतात, असा प्रश्न त्याने विचारलेला नसतो, तरी ऐकू येतो. ज्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत तीच चौकट खालून वाळवीने पोखरलेली आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि विकताना फक्त दुसऱ्याचा भाव होतो. पहिल्याला बाजार नाही. मग मनातल्या मनात किंमत थोडी वर जाते, खुणांचे म्हणून काही पैसे त्यात मिसळले जातात आणि घर सहा महिने पडून राहतं.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेलमागे त्याच विचाराचा मोठा वाटा होता. विकणाऱ्याला गाडीची सगळी दुखणी ठाऊक, घेणाऱ्याला एकही नाही. मग घेणारा सरसकट मधली किंमत सांगतो, आणि चांगली गाडी असलेल्या माणसाचं नुकसान होतं म्हणून तो बाजारातूनच निघून जातो. घराला हे तंतोतंत लागू पडतं. घेणारा नुसता दुरुस्तीचा खर्च वजा करत नाही. खर्च अधिक दगदग अधिक न दिसलेल्याची भीती, अशी त्याची बेरीज असते, आणि त्यात भीतीचा आकडा बहुधा सर्वांत मोठा. दगदग तुम्हाला कमी करता येत नाही. भीती कमी करता येते. मोरीच्या गळतीचं कारण शोधून दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून कामाच्या मापांसकट लेखी अंदाज घेतले आणि ते समोर ठेवले, तर घासाघीस त्या आकड्याभोवती फिरते. हातात काहीच नसेल तर घेणारा स्वतःच्या मनाने आकडा धरतो, आणि तो कधीही लहान नसतो.

म्हणून मूल्यांकन करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. आज आहे तसं किती, आणि ठीकठाक केल्यावर किती? या फरकातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, दुरुस्ती चालेल तेवढ्या महिन्यांचं व्याज, कर आणि देखभाल वजा करायची, आणि जुन्या घरात काहीही उघडलं की आत आणखी काही निघतंच, त्याची तजवीज वेगळी. नळी बदलायला भिंत फोडली की वायरिंग दिसतं. वायरिंग बघितलं की अर्थिंग नाही हे कळतं. एवढं सगळं जाऊन काही हातात उरत असेल तर करावी दुरुस्ती. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी. घराची अवस्था फार वाईट असेल तर कर्ज देणाऱ्या संस्था हात आखडता घेतात किंवा मूल्यांकनच कमी करतात. मग गिऱ्हाईक उरतं ते रोख पैसे असलेलं, आणि रोख पैसेवाला घासाघीस करायलाच जन्मलेला असतो.

आहे तसं विकणं म्हणजे हात न लावता विकणं, असा अर्थ काढून काहीजण कचऱ्यासकट घर दाखवतात. ते चुकीचं. स्वच्छता ही दुरुस्ती नव्हे. खिडक्यांच्या काचा पुसाव्यात, सगळे दिवे लागतील असं बघावं, उघड्या वायरी बंद कराव्यात, डगमगता कठडा बांधून घ्यावा, वाहती गळती वॉशर बदलून किंवा कॉक बंद करून थांबवावी. भिंतींना टेकवलेलं सामान हलवावं, कारण घेणारा कपाटामागेच बघणार आहे. सुगंधी फवारे मारू नयेत. नाकाला तो वास म्हणजे दुसरा चौकोनच. घर महिनोन्‌महिने रिकामं राहणार असेल तर आणखी एक गंमत होते. मोरीच्या आणि बेसिनच्या खालच्या वाकड्या नळीत पाण्याचा सुमारे ५० मिलिमीटरचा अडसर असतो, तो गटाराची हवा वर येऊ देत नाही. वापर थांबला की काही आठवड्यांत ते पाणी वाळतं आणि चांगल्या घराला गटारासारखा वास येतो. घेणारा समजतो, सांडपाण्याची नळी फुटली. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खाण्याचं तेल ओतलं की ते बराच काळ वाळत नाही. मुख्य कॉक बंद ठेवावा, आणि तो कुठे आहे हे दाखवणाऱ्याला माहीत असावं.

दोषांची यादी करायला बसलं की घरात राहणाऱ्याला काही आठवत नाही. सवय झालेली असते. त्यावर एक उपाय आहे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला आपण काय काय सांगतो ते आठवावं. "मागचं दार जरा उचलून लाव." "गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर दुसरा नळ उघडू नकोस." "पंख्याचं बटण दोन नंबरच्या वर नको." "फ्लश ओढून क्षणभर धरून ठेवायचा." "पाऊस आला तर या खिडकीत फडकं ठेव." दोषांची हीच यादी, शब्दसुद्धा हेच चालतील. दार उचलावं लागतं कारण वरची बिजागरी सुटलीय किंवा चौकट खचलीय. दुसरा नळ चालत नाही कारण जुन्या लोखंडी नळीत आतून गंजाचे थर साचून वाट अरुंद झालीय. वीस-बावीस ओळी सहज होतात. प्रत्येक ओळीसमोर खोली, कधीपासून, काय केलं होतं आणि एक फोटो.

ही यादी चांगुलपणाची म्हणून करायची नाही. "आहे तसं, आहे तिथे" हे शब्द करारात घातले की आपण सुटलो असं विकणाऱ्याला वाटतं, पण ते शब्द खोटं बोलण्याला ढाल होत नाहीत. नियम देशोदेशी वेगळे आहेत. तरी माहीत असलेला आणि सहज न दिसणारा मोठा दोष मुद्दाम झाकला, किंवा विचारल्यावर खोटं उत्तर दिलं, तर प्रकरण उलटू शकतं. न्यूयॉर्कच्या अपिली न्यायालयापुढे १९९१ साली एक विचित्र खटला आला. घरात भुतं आहेत हे मालकिणीने पूर्वी छापून आणलं होतं, आणि बाहेरगावच्या खरेदीदाराला ते ठाऊक नव्हतं. न्यायालयाने त्याला व्यवहार मोडण्याची मुभा दिली. करारातलं "आहे तसं" कलम घराच्या भौतिक अवस्थेपुरतं आहे, भुतांना ते लागू होत नाही, असंही म्हटलं. भुतांचं एक सोडा. स्वतःच पसरवलेली आणि घेणाऱ्याला चौकशी करूनही कळली नसती अशी गोष्ट त्याच्यापासून लपली, हा मुद्दा रंगाखाली झाकलेल्या ओलीलाही लागू पडू शकतो.

तेव्हा यादी कराराला जोडावी, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, फोटोंवर तारखा. पंखे, गिझर, नळ, पडद्यांचे दांडे यांतलं काय राहणार आणि काय जाणार तेही तिथेच. करार आणि ताबा यांच्यामध्ये वादळ आलं, नळी फुटली, छताचा आणखी तुकडा पडला, तर खर्च कोणाचा, याचं वाक्य असायलाच हवं. भांडणं याच मधल्या काळातली असतात. विमा ताब्याच्या दिवसापर्यंत चालू ठेवावा, आणि घर रिकामं असेल तर तो लागू राहतो का ते विचारून घ्यावं.

यादी दिल्यावर घेणारा आपला माणूस घेऊन येतो. त्याला येऊ द्यावं, शिडी द्यावी, गच्चीची किल्ली द्यावी, आणि मागे मागे फिरून प्रत्येक डागाचं समर्थन करू नये. त्याला यादीबाहेरचं काहीतरी सापडणारच. माळ्यावरच्या वाशाला वाळवीची मातीची नळी, किंवा बंद खोलीच्या फरशीखाली पोकळ आवाज. हे आपल्याला माहीत नव्हतं असं सरळ सांगावं. यादीत ती ओळ वाढवावी, तेवढ्या एका ओळीपुरतं बोलणं करावं, आणि आधीच्या बावीस ओळींचा भाव पुन्हा उघडू देऊ नये.